सत्तू दादाला झोपवतो

एका गावात एक भोळा भाऊ होता. नाव सत्तू. त्याला जे सांगाल ते तो करायचा, आणि तेवढंच करायचा. म्हणून शहाणी माणसं त्याला काही सांगतच नसत.

सत्तूचा थोरला भाऊ म्हादू. तो गुळव्या होता. गुऱ्हाळाच्या हंगामात उसाचा रस उकळला की काहिलीच्या मोठ्या कढईजवळ उभं राहायचं आणि गूळ कधी उतरवायचा ते सांगायचं, हे त्याचं काम. पण म्हादूची झोप उडाली होती. रात्रभर आढं बघायचा आणि दिवसा भिंतीला धडकायचा.

गुऱ्हाळाचे मालक सर्जेराव म्हणाले, "म्हादबा, सोमवारी चुलाण पेटणार. झोप झाली असली तरच ये. काहिलीवर डुलकी लागली, तर गुळासंगं गुळव्याबी शिजेल."

म्हादूनं मान डोलावली. डोलावता डोलावता त्याला डुलकी लागली आणि तो दचकून जागा झाला.

सत्तूला ते बघवेना. तो धावत वैद्यअण्णांकडे गेला.

"अण्णा, दादाला झोप न्हाई."

"चहा पितो का रे?"

"घागरीनं पितो."

"मग दिवेलागणीनंतर घरात चहा दिसला, की ओतून टाकायचा. कळलं?"

"कळलं की!"

सत्तूला कळलं की गावाचं काहीतरी बिघडायचं.

त्याच संध्याकाळी सर्जेराव म्हादूची तब्येत बघायला आले. म्हादूनं चहा केला. सर्जेरावांनी बशी तोंडाला लावली. सत्तूनं बाहेर बघितलं. दिवे लागले होते. त्यानं बशी ओढली आणि ओतली. नेमकी सर्जेरावांच्या धोतरावर.

सर्जेराव जे उडाले ते थेट अंगणात.

दुसऱ्या दिवशी वैद्यअण्णांनी कपाळाला हात लावला. "अरे, दारात आलेल्या माणसाच्या हातातलं ओढू नये! त्याचे पाय धरावेत! आणि म्हादूला गुण हवा असेल, तर तळपायाला तूप लाव. काशाच्या वाटीनं घास. नको नको म्हणाला तरी सोडू नको. कळलं?"

"कळलं की!"

सत्तू घरी येऊन तुपाचं भांडं आणि काशाची वाटी घेऊन उंबऱ्यावर बसला. सखोबा कुंभार डोक्यावर मडक्यांची पाटी घेऊन आला.

"सत्तू, पाणी दे रं वाईच."

सत्तूनं त्याचे पाय धरले.

"अरं, पाय कशाला धरतोस? लेका, गुदगुल्या हुत्यात! सोड! नको!"

नको म्हणाला, म्हणजे सोडायचं नाही. सत्तूनं दोन्ही तळवे आरशासारखे चकचकीत केले. घरातलं तूप संपलं तेव्हा सोडलं. सखोबा एक पाऊल चालला. पुढची पावलं त्याला टाकावीच लागली नाहीत. अंगणातून घसरला तो वळणावरून खाली पाणवठ्यावर जाऊन थांबला. मडकी त्याच्या आधी पोचली, पण तुकड्या-तुकड्यांनी.

म्हादू त्या रात्रीही जागाच.

"मूर्खा!" वैद्यअण्णा ओरडले. "ज्याला झोप येत नाही, त्याला तूप लावायचं. आणि ऐक, दिवसा डोळे मिटले की रात्रीची झोप जाते. दिवसा कुणी डोळे मिटलेले दिसले, की गदागदा हलवून जागं करायचं. कळलं?"

"कळलं की!"

सत्तू पाराजवळून चालला होता. पारावर यल्लू न्हावी सरपंचांची दाढी करत होता. सरपंचांच्या मिशा म्हणजे गावाची शान. पाहुण्यांना आधी देऊळ दाखवत, मग मिशा. वस्तरा गालावरून फिरत होता आणि सरपंचांनी सुखानं डोळे मिटले होते.

सत्तूनं त्यांचे खांदे धरले आणि गदागदा हलवलं. "आबा, उठा! रातची झोप जाईल!"

सरपंच उठले. अर्धी मिशी उठली नाही. ती यल्लूच्या मांडीवर पडून राहिली.

आता सगळं गाव वैद्यअण्णांच्या दारात. "अण्णा, ह्याला आणखी काही शिकवू नका!"

"अहो, पण त्याचा भाऊ झोपला नाही तर मरेल काहिलीत पडून!" अण्णा म्हणाले. मग त्यांनी सत्तूला जवळ घेतलं. "बाळ, तुम्ही झोपता कसे? नीट सांग."

"एका वाकळीत. त्या कडेला दादा. ह्या कडेला मी."

"आणि मध्ये?"

"मधी नामा हुता."

वैद्यअण्णांनी सत्तूच्या पाठीवरून हात फिरवला. नामा मधला भाऊ. हलगी वाजवायचा. हसला की शेजारच्या गल्लीत ऐकू जायचं. श्रावणात तापानं गेला.

"मग आता मध्ये काय आहे?"

"काय न्हाई. फट हाय. गार वारा येतो तिथनं."

"फट ठेवू नये, बाळ," अण्णा हळूच म्हणाले. "फटीतून गारवा शिरतो, गारव्यानं झोप जाते. फट दिसली की बुजवायची. आणि दादा झोपला की कुणी आवाज करता कामा नये."

"लोकांना कसं कळंल?"

"तू सांग की. कळलं?"

"कळलं की!"

सत्तूनं चिखल कालवला. शेजारच्या काशीकाकूंचं धुराडं बुजवलं. देवळातल्या दानपेटीची फट बुजवली. सरपंचांच्या दारातली मांजराची वाट बुजवली. दिवेलागणीला काकू अंगणात खोकत होत्या, पुजारी दानपेटी उलटी धरून हलवत होता, आणि अर्ध्या मिशीचे सरपंच घरात अडकलेल्या मांजराशी भांडत होते.

जेवणं झाली. म्हादू वाकळीच्या त्या कडेला आडवा झाला. सत्तू ह्या कडेला आला आणि थबकला. समोर फट.

"दादा."

"काय रं?"

"नामा म्हणला हुता, माझ्या जागेवर लोळायचं न्हाई."

"व्हय. दटावायचा तुला."

"अण्णा म्हणत्यात, फट बुजव. मी कुणाचं ऐकू?"

म्हादू आढं बघत राहिला. मग म्हणाला, "अण्णांचं ऐक."

"नामा रागावला तर?"

"मी समजावतो त्याला. ये."

सत्तू मध्ये सरकला. आणि फट पुरती बुजावी म्हणून त्यानं एक पाय दादाच्या पोटावर टाकला. नामा टाकायचा तस्सा.

"पाय काढ. जड हाय."

"फट ऱ्हाईल."

म्हादू हसला. हसता हसता रडला. रडता रडता परत हसला, कारण सत्तूच्या हातांना अजून तुपाचा वास येत होता. आणि मग तो घोरू लागला. असा घोरला, की फळीवरची भांडी वाजली.

सत्तूला आनंद मावेना. पण अण्णांचं अजून एक सांगणं राहिलं होतं. तो अलगद उठला. आपल्या जागी शेंगांचं पोतं ठेवलं, पोत्याचं एक टोक दादाच्या पोटावर टाकलं. खुंटीवरची नामाची हलगी काढली आणि गावात गेला.

"ऐका हो ऐका! आमचा दादा झोपलाय! कुणी आवाज करू नका होऽऽ!"

तडतड तडतड तडतड.

एकदा सांगून भागतंय होय? जे झोपले होते त्यांनी ऐकलंच नसणार. सत्तूनं प्रत्येक दाराची कडी वाजवली. "काकू, झोपलाय का? मग उठा आन् ऐका, आवाज करायचा न्हाई!" सरपंचांचं दार, कुंभारवाडा, वैद्यअण्णांची आळी. एका टोकाला पोचला की वाटायचं, दुसऱ्या टोकाची माणसं आतापर्यंत विसरली असतील. मग परत तिकडं.

कोंबडा आरवायला आला, तर सत्तूनं त्यालाही दम दिला.

सोमवार उजाडला. चुलाण पेटलं. म्हादू काहिलीजवळ ताठ उभा. डोळे टवटवीत, पोटावर पोत्याचा वळ. नामा गेल्यापासून पहिल्यांदा तो गाणं गुणगुणत होता. बाकी, चुलाणात उसाचं वाळलं पाचट सारणारा पाचटावरच घोरत होता, घाण्याचे बैल एकटेच फिरत होते, आणि सर्जेराव उसाच्या मोळीला लोड समजून बिलगले होते.

सत्तू उड्या मारत वैद्यअण्णांकडे गेला. दारात ही रांग. सगळं गाव जांभया देत उभं. अण्णांचे स्वतःचे डोळे मिरच्यांसारखे लाल.

"अण्णा, दादा झोपला!"

"कळलं," अण्णा म्हणाले. "रात्रभर कळत होतं."

"आन् तुमचं डोळं असं का?"

"अरे, गावात कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. आता जरा पडतो. तूही जा आणि सगळ्यांना झोपू दे."

सत्तू घाबरला. "दिवसा? नको अण्णा, दिवसा डोळं मिटलं की रातची झोप जाती! तुम्ही काळजी करू नका. आज एकाचाबी डोळा मिटू देत न्हाई!"

आणि त्यानं परत हलगी गळ्यात अडकवली.