रुसून गेलेली शीळ

हे गाव कुठलं ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तिथल्या मुली म्हणतील, आमचंच नाव का घेतलं, शेजारच्या गावात काय कमी झालं होतं? आणि त्यांचं म्हणणं खरंच आहे. तेव्हा नुसतं गाव म्हणू. गावाच्या कडेला एक झुळझुळता ओढा होता, ओढ्यापलीकडे कुण्या राणीची जुनी बाग होती, आणि ओढ्याच्या अलीकडे पत्र्याच्या एका खोलीत गजरे करणाऱ्या सुगंधाबाई आपल्या दोन लेकींबरोबर राहत होत्या.

थोरली केतकी नुकतीच दहावीत गेली होती. धाकटी बकुळा अजून दुधाचे दात पाडत होती. वडील देवाघरी गेले होते. पाऊस आला की पत्रा गळायचा, मग फुलांची टोपली कोरड्या कोपऱ्यात ठेवून या तिघी ओल्यात झोपायच्या, कारण फुलं भिजली तर दुसऱ्या दिवशी चूल पेटणार नव्हती. पहाटे आई आणि केतकी पांढरेशुभ्र मोगरे, केशरी अबोली, हिरवागार मरवा ओवून गजरे करायच्या, आणि शाळा सुटली की बकुळा वेताची इवलीशी टोपली घेऊन दारोदार जायची.

ती नुसता गजरा देऊन निघून यायची नाही. मुलींना ओट्यावर बसवायची आणि आपल्या चिमुकल्या बोटांनी तो त्यांच्या केसांत माळून द्यायची. त्यामुळे गावातल्या एकूण एक पोरीचा चेहरा तिला अगदी जवळून ठाऊक होता. कुणाच्या मानेवर तीळ आहे, कुणाच्या एकाच गालाला खळी पडते, कुणाच्या भुवया मधोमध एकमेकींना भेटायला येतात, सगळं तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. तिला त्या सगळ्याच छान वाटायच्या. सगळ्यांत छान अर्थात आपली ताई.

केतकीच्या पुढच्या दोन दातांमध्ये एक फट होती, तांदळाचा दाणा बसेल एवढी. त्या फटीतून ती अशी शीळ घालायची की ओढ्यावरच्या साळुंक्या भांडण थांबवून ऐकायच्या. सांज झाली की केतकी दारात उभी राहून शीळ घाली, आणि बकुळा गावात कुठेही असली तरी टोपली सावरत घराकडे पळत सुटे. अंधाराची भीती तिला कधी वाटलीच नाही. शीळ जिथून येते तिथे घर आहे, हे तिला माहीत होतं.

मग मामाच्या घरचं लग्न आलं. सगळे ओळीने उभे राहून फोटो काढत होते, केतकी खळखळून हसली, आणि मामीने भर मांडवात सांगितलं की पोरगी तशी नाकीडोळी नीटस आहे, पण ते दात आणि तो रंग, तेव्हा हसताना जरा तोंड मिटून हसावं. चार बायका हसल्या. मामीने मग मोठ्या मायेने आपला जुना फोन केतकीला अभ्यासासाठी देऊन टाकला, आणि त्यातलं एक गुलाबी, लुकलुकणारं बटणही दाखवलं.

त्या बटणाचं नाव होतं ‘सुंदर करा’.

आता तुम्हीच सांगा, बटण दाबायच्या आधी ती पोर काय होती? हे नाव ज्याने ठेवलं, तो कुठल्या गार खोलीत बसून चहा पीत असेल देव जाणे. त्याने केतकीला कधी पाहिलं नव्हतं, तिची शीळ ऐकली नव्हती, आणि तरी तिच्यात काय सुधारायचं ते त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. मला तर असा माणूस भेटला तर त्याचे कान पिळावेसे वाटतात.

केतकीने बटण दाबलं. फट बुजली. रंग दुधासारखा झाला. नाक टोकदार झालं, गाल बसले, आणि एक पट्टी सरकवली की कंबरही बारीक व्हायची. तो फोटो तिने फोनवरून सगळ्यांना पाठवला, आणि त्याखाली लाल लाल बदाम पडले. शाळेतल्या मुलींनी लिहिलं, किती गोड. फोटोतल्या त्या बाईला सगळे गोड म्हणाले आणि केतकीला मात्र कुणीच काही म्हणालं नाही. ही गोष्ट केतकीला कळली, आणि फार लागली. ती रोज नवा फोटो काढून त्यातली फट पुसू लागली. तोंडावर हात धरून बोलू लागली. ताटातली भाकरी अर्धी मोडून ठेवू लागली, आणि आईने विचारलं तर म्हणायची की भूक नाही. भूक होती. बकुळेला बाजूच्या अंथरुणातून तिच्या पोटाची गुरगुर ऐकू यायची.

आणि एका संध्याकाळी शीळ आलीच नाही. बकुळा वाट बघत वेशीवर बसून राहिली, शेवटी आई शोधत आली. घरी येऊन बघते तर केतकी दारात उभी राहून ओठ गोल करत होती आणि नुसती हवा येत होती, फुस्स, फुस्स. दातांत फट नव्हतीच. तिथे दोन सरळसोट दात एकमेकांना चिकटून बसले होते. केतकी आरशात बघून आधी हसली आणि मग का कोण जाणे पांघरूण घेऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी बकुळा ओढ्याकाठी हात धूत होती, टोपलीत एकच गजरा उरला होता, आणि ओढ्यापलीकडून शीळ आली. ताईचीच. ताई तर घरात होती. बकुळा तशीच पाण्यातून पलीकडे गेली आणि वेलींनी झाकलेल्या कमानीतून राणीच्या बागेत शिरली.

आत जाताच ती जागच्या जागी उभी राहिली. झाडांना फुलं नव्हती. फांदीफांदीला काहीतरी इवलं इवलं लटकत होतं आणि चमचमत होतं, काही सोनेरी, काही जांभळं, काही मधाच्या रंगाचं. जवळ जाऊन बघते तर तो तीळ होता, वाण्याच्या प्राजूच्या हनुवटीवरचा, हल्ली दिसेनासा झालेला. शेजारी एक खळी झुलत होती, ती गुरवांच्या रेणूची. एका फांदीवर नाकंच नाकं होती, बसकी, बाकदार, अपरी, सगळी गाल फुगवल्यासारखी रुसून बसलेली. आणि झाडाखाली वीतभर उंचीची एक परी भलामोठा खराटा घेऊन अजून खाली पडणाऱ्या गोष्टी गोळा करत होती. तिचे पंख मोरपिशी होते, पण एका पंखात बाभळीचा काटा रुतला होता, आणि ती तोंडातल्या तोंडात कुणाला तरी खूप बोलत होती.

बकुळेने आधी काही विचारलं नाही. तिने परीला तळहातावर घेतलं, फुंकर घालत हळूच काटा काढला, आणि उरलेल्या गजऱ्यातली एक मोगऱ्याची कळी तिच्या केसांत माळली. परीचा राग जरा निवला.

मग परीने सांगितलं. तिचं काम खरं तर पहाटेचं दव वेचायचं. पण हल्ली तिला दवाकडे बघायला सवड नाही. मुलींनी फोटोत एकदा पुसलेलं परत येतं, पण रोज रोज पुसलं की त्या गोष्टीला वाईट वाटतं, ती रुसते आणि इथे येऊन बसते. गावातल्या जवळजवळ सगळ्या मुलींचं काही ना काही इथे आलं आहे.

“मोठी मोठी नाकं येतात माझ्याकडे,” परी म्हणाली, “आजीची, पणजीची, किती पिढ्या चालत आलेली. आणि एक बोट फिरवलं की झालं. मला संताप येतो गं.”

मग तिने बकुळेला सांगितलं की काटा काढलास म्हणून तुझी एक इच्छा मी पुरी करीन. बकुळेने क्षणभरही विचार केला नाही. सगळ्यांचे फोन विहिरीत बुडव, म्हणाली. आणि मामीचा पहिल्यांदा.

परीने मान हलवली. इच्छेला नियम होते. कुणाचं काही मोडायचं नाही. कुणाचा चेहरा बदलायचा नाही. आणि कुणाच्या मनात हात घालायचा नाही.

“मग उरलं काय?” बकुळेने रागाने विचारलं.

परीने खराटा पुन्हा उचलला. इच्छा जपून ठेव, एवढंच म्हणाली. तेवढ्यात पुन्हा शीळ वाजली. चाफ्याच्या सगळ्यांत खालच्या फांदीवर एक चिमुकली, चंदेरी फट वाऱ्यात डुलत होती, आणि वारा तिच्यातून गेला की ती शीळ घालत होती. बकुळेने ती अलगद ओंजळीत घेतली. परीने मात्र तिला बजावलं की ही अशी बाहेर जायची नाही. जिची आहे तिने स्वतःच्या तोंडाने मागितली तरच ती जाईल. आणि सांज झाली की बागेची वाट मिटते, मग हाका चहूकडून येतात, आणि आत राहिलेल्याला आपल्या माणसाची नेहमीची खूण ऐकूनच बाहेर पडता येतं. तेव्हा तू आता जा.

बकुळा खाली बसली. ही घेतल्याशिवाय मी जायची नाही, म्हणाली. परीने समजावलं, रागावून पाहिलं, पण बकुळा ओंजळ छातीशी धरून बसून राहिली.

ऊन केशरी झालं, मग जांभळं, आणि कमानीवरच्या वेली एकमेकींत गुंतून गेल्या. वाट नाहीशी झाली. आता मात्र बकुळेला रडू आलं. इतक्यात दुरून हाक आली, बकू, ए बकू. ताई ओढ्यापलीकडे आली होती. पण हाक समोरून आली, मग मागून आली, मग झाडांवरून आली. बकुळा जिकडे धावे तिकडे वेली. बाहेरून केतकीलाही तसंच होत होतं, बकुळेचा आवाज तिला चहूकडून येत होता. तिने शीळ घालून पाहिली. फुस्स. पुन्हा फुस्स.

बकुळेने ओरडून सांगितलं की तुझी फट माझ्या हातात आहे, तू माग म्हणजे येईल.  मग केतकीचा आवाज आला, अगदी बारीक.

“ती नको गं बकू. लोक हसतात तिला.”

आणि बकुळेच्या अंगाचा तिळपापड झाला. भीती कुठल्या कुठे पळाली.

“हसू देत,” ती म्हणाली. “त्यांना कुठे तुझ्या शिळेवर घरी यायचंय? मला यायचंय.”

 ओंजळीतली फट थरथरत होती. मग बाहेरून केतकी बोलली, आणि या वेळी तिच्या आवाजात रडू नव्हतं, राग होता, चांगला लालबुंद राग.

“माझी आहे ती. दे इकडे.”

ओंजळीतून चांदीची एक रेघ सळकन निघून गेली. आणि मग शीळ आली. एकाच बाजूने, सरळ, लख्ख. वेली बाजूला झाल्या, आणि बकुळा पळत सुटली ती थेट ताईच्या कमरेला जाऊन बिलगली. केतकी तिला रागवत होती, कुरवाळत होती, आणि तोंडावर हात न धरता रडत होती.

कमानीवर परी येऊन बसली होती. तुझी इच्छा अजून शिल्लक आहे, तिने आठवण करून दिली. घराचा पत्रा माग, आईला सुख माग, हे काही नियमात अडत नाही. बकुळेला गळणारा पत्रा आठवला. पण तिने मागे वळून बागेकडे पाहिलं. प्राजूचा तीळ, रेणूची खळी, आजी-पणजीची ती सगळी नाकं अंधारात एकटी लुकलुकत होती.

“या सगळ्यांना आपापल्या दारात जाऊन बसू दे,” ती म्हणाली. “आत घ्यायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. पण निदान दिसू तरी देत.”

परी पहिल्यांदा हसली. तिच्यातून सोनेरी उजेड निघाला, तो वाढत गेला, आख्खी बाग उजळली, आणि त्या उजेडात शेकडो इवले इवले दिवे ओढ्यावरून गावाकडे उडत गेले. डोळे चोळून पाहिलं तर परी नव्हती. कमानीखाली फक्त तिच्या केसांतली मोगऱ्याची कळी पडली होती.

ती कळी बकुळेने दाराशी लावली. सकाळी तिथे मोगऱ्याचा वेल पत्र्यावर चढला होता, इतका दाट की पुढे पावसाचा थेंबही घरात आला नाही, आणि बारा महिने रोज पहाटे त्याला टोपलीभर फुलं येऊ लागली. सुगंधाबाईंना फुलं विकत आणावी लागेनात. केतकी आख्खी भाकरी खाऊ लागली आणि वर दुसरी मागू लागली. मामी एकदा येऊन गेली, दातांना तार लावायचं सुचवून गेली, तेव्हा केतकी तिच्याकडे बघून तोंडभर हसली आणि तिला चहा दिला.

गावात त्या सकाळी काय झालं म्हणाल, तर प्राजूने तीळ उचलून लावला. रेणूने खळी आधी लपवली आणि दुपारी घेतली. पण सगळ्यांनी घेतलं असं नाही. पुष्कळ जणी घाईघाईने, हातातल्या फोनकडे बघत, उंबरा ओलांडून गेल्या, आणि ती बिचारी नाकं नि खळ्या अजून तिथेच बसून आहेत, वाट बघत.

तेव्हा उद्या सकाळी दार उघडाल ना, तर पाऊल टाकायच्या आधी जरा खाली बघा.