सगळी उभी पाहिजेत

कुठलं विमान उडवायचं आणि कुठलं दुरुस्तीला घ्यायचं, हे त्या हवाई तळावर वॉरंट ऑफिसर सोनटक्के ठरवत. त्यांच्या हँगरमध्ये 'विमान उभं आहे' म्हटलं की समजायचं, ते काही उडत नाही. त्या आठवड्यात दोन विमानं अशी उभी होती आणि त्यांच्या इंजिनांशी झटून मेकॅनिक पार थकले होते.

त्यातच एअर मार्शल भेटीला येणार असं कळलं. तळाचे प्रमुख ग्रुप कॅप्टन राजाध्यक्ष यांना दिखाव्याची भारी हौस. ते हँगरमध्ये येऊन गरजले, "उद्या सगळी विमानं रांगेत उभी पाहिजेत!"

"साहेब, उद्या सराव आहे. शिवाय त्या दोन विमानांची इंजिनं..."

"सराव रद्द! इंजिनं झाका! मला सगळी उभी पाहिजेत!"

सोनटक्क्यांनी डोळे चोळले. "ठीक आहे, साहेब. करतो उभी."

मेकॅनिकांनी पाने-हातोडे खाली ठेवले आणि फडकी घेतली. पुसून विमान उडत नसतं, पण हे साहेबांना सांगणार कोण?

दुसऱ्या दिवशी एअर मार्शलनी चकाकती रांग पाहिली, मग रिकामं आकाश पाहिलं. "काय हो, सगळीच विमानं उभी?"

राजाध्यक्ष गोरेमोरे झाले आणि सोनटक्क्यांवर डाफरले, "बोला ना! सगळी उभी का?"

"साहेब, कालपर्यंत दोनच उभी होती," सोनटक्के थकल्या आवाजात म्हणाले. "बाकीची आपल्या हुकमावरून उभी केली."

एअर मार्शल हसले नाहीत. त्यांची नजर मागे ताटकळलेल्या मेकॅनिकांकडे गेली. "आणि ही माणसं?"

"तीही कालपासून उभीच आहेत, साहेब."