साळवण्याच्या घरांना उंबरा का नाही

साळवण्यात पहिल्यांदा येणारा पाहुणा दारात हमखास अडखळतो. उंबरा ओलांडायला तो सवयीनं पाय उचलतो आणि पाय नुसताच हवेतून जाऊन खाली येतो. घर कौलारू असो की नवं सिमेंटचं, पाटलाचं असो की कुंभाराचं, हिरणा नदीच्या काठावरच्या या गावात एकाही दाराला उंबरा नाही. बायका सकाळी दारातल्या नुसत्या भुईवर हळदकुंकवाची बोटं ओढतात. पावसाळ्यात अंगणातलं पाणी घरात येतं, बेडूक येतात, एखाद्या वर्षी जनावरही निघतं. तरी नवं घर बांधताना सुतार चौकट तीन बाजूंचीच करतो. कारण विचारलं की जाणती माणसं पाहुण्याला आत घेतात, घोंगडं टाकतात आणि हौसाची गोष्ट सांगतात.

हौसा माहेरची घाटवडची. घाटवड म्हणजे याच नदीच्या खालच्या अंगाचं गाव. तिथं तिचा बाप सुभाना नाव चालवायचा. धाकट्या दौलूच्या बाळंतपणात आई गेली, तेव्हा हौसा आठ-नऊ वर्षांची असेल. पोर तिनंच कडेवर वाढवलं. मडक्यातला वरचा मऊ भात त्याला भरवायचा आणि खालचा कडक आपण खायचा, अशी ती बहीण.

एकदा दारात कुडमुड्या जोशी आला, असं सांगतात. हौसानंच हौसेनं दौलूचा इवलासा हात त्याच्यापुढं धरला. "आमच्या दौलूचं बगा की वो, मोठा हून काय करंल?" जोशानं हात पाहिला आणि कुडमुडं वाजवायचं थांबवलं. "ह्याला पान्याचं भ्या न्हाई," तो म्हणाला. "इस्तवाचं न्हाई, जनावराचं न्हाई. पन ह्याचा शेवट भैनीच्या उंबऱ्यावर हाय." एवढं बोलून सूपभर तांदूळ झोळीत घेतले आणि गडी चालता झाला. जोशाचं काय जातं! सांगणारा सांगून मोकळा, निस्तरायचं घरच्यांनी.

सुभानानं ते वाक्य मनावर घेतलं. एकुलता एक मुलगा. कोणता बाप घेणार नाही? मुलगी वयात आली तशी जवळची दोन स्थळं त्यानं मोडली आणि नदीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी दिवसभराच्या वाटेवर असलेलं साळवणं शोधून काढलं. वर नावेला जाता येत नाही, मध्ये खडक आहेत. पाठवणीच्या दिवशी त्यानं दोन्ही लेकरांना भैरोबापुढं उभं केलं आणि शपथ घातली. दौलूनं बहिणीच्या घरी कधी जायचं नाही, बहिणीनं त्याला कधी बोलवायचं नाही. हौसानं शपथ घेतली. भाऊ जगणार असेल तर काय वाटेल ते कबूल, असं तिला तेव्हा वाटलं. लांब राहणं म्हणजे काय असतं, ते तिला साळवण्यात आल्यावर कळलं.

त्या काळी सून एकटी माहेरी जात नसे. माहेराहून मुराळी यायचा, सासरच्या घरात बसून जेवायचा आणि मग तिला घेऊन जायचा. बाप होता तोवर दिवाळीला सुभाना यायचा. तो गेला आणि हौसाला न्यायला येण्याजोगं एकच माणूस जगात उरलं, त्याला तर तिच्या घरात पाय टाकायची बंदी. सासू म्हाळसाबाई वाईट नव्हती, पण रीत म्हणजे रीत. "मुराळी न्हाई त्या सुनंला म्हायार न्हाई," ती म्हणायची. धनी शिरपती मध्ये बोलत नसे.

नदीवर धुणं धुताना हौसा पाण्याकडं बघत बसायची. हे पाणी उद्या दौलूच्या नावेखालून जाणार, आपण मात्र इथंच, असं तिच्या मनात यायचं आणि तिला पाण्याचा हेवा वाटायचा. भाऊबिजेला घरोघरी भाऊ येत. ज्या बाईला भाऊ नसतो तिनं चंद्राला ओवाळायचं असतं. हौसाही ताट घेऊन अंगणात जायची. पाठचा भाऊ धडधाकट जिवंत असताना चंद्राला ओवाळायचं, याचं तिला इतकं रडू यायचं की निरांजन धड फिरायचं नाही.

एका भाऊबिजेला मात्र दौलू आलाच. शपथ मोडून, खांद्यावर बहिणीसाठी लुगडं टाकून, पायभर धुरळ्यानं तो भर दुपारी अंगणात उभा राहिला. बाप्या झाला होता, मिशा फुटल्या होत्या. हौसानं त्याला चालीवरून ओळखलं. धावत सुटली ती दारापर्यंत, आणि तिथंच दोन्ही हात चौकटीला लावून आडवी झाली.

"थांब! म्होरं येऊ नगंस."

"अक्का, मरान काय तुज्या उंबऱ्याखाली दडून बसलंय व्हय?"

"बसलंय. रोज हळदकुंकू लावताना मला दिसतंय त्ये."

"मला तुज्या हातचं पानी तर पिऊ दे. मग मरतो."

"तसं बोलू नगंस रं," ती म्हणाली आणि तिचा बांध फुटला. पण चौकटीवरचे हात काही तिनं काढले नाहीत. बहिणीच्या तोंडाकडं बघवेना म्हणून दौलू खाली उंबऱ्याकडंच बघत राहिला. फणसाच्या लाकडाचा जाडजूड उंबरा, मधोमध कोरलेलं कमळ, त्यावर हळदकुंकवाची पुटं आणि कमळाच्या एका पाकळीला तडा. शेवटी त्यानं लुगडं तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि पाणीही न पिता आल्या वाटेनं परत गेला.

त्यानंतर हौसाचं अन्नावरचं मन उडालं. घरी आलेला भाऊ आपण उपाशी परत लावला, हे तिला आत खात राहिलं. वर्षभर तो उंबरा तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. आणि एके दिवशी त्याला हळदकुंकू लावता लावता तिला वाटलं, दौलूचं मरण या उंबऱ्यावर आहे ना? मग उंबराच नसला तर?

तिनं सासूचे पाय धरले. बिनउंबऱ्याचं घर म्हणजे अवलक्षण, पण वर्षभर सुनेची दशा पाहून म्हाळसाबाईही आतून हलली होती. "काड बाई," ती म्हणाली. "येऊन जेवू दे तुजा भाऊ एकदाचा." सुतारानं उंबरा उपसून अंगणात टाकला. शिरपती म्हणाला, लाकूड चांगलं आहे, फोडून चुलीला होईल. सासू कडाडली, "रोज हात जोडले ती लक्षुमी चुलीत घालतोस व्हय रं?" पूजलेली वस्तू जाळायची नाही, पाण्यात सोडायची, ही आपली रीत. म्हणून हौसानं उंबऱ्याची ओटी भरली, त्याला शेवटचं हळदकुंकू लावलं आणि नवराबायकोनं तो नदीत सोडला. खालच्या अंगाला दौलू असतो, हे तिच्या ध्यानात आलं नाही असं नाही. पण चौकटीतून सुटलेला उंबरा म्हणजे नुसतं लाकूड, असंच तिनं धरलं.

त्याच सकाळी तिनं रायबा धनगराकडं निरोप दिला, तो मेंढरं घेऊन घाटवडकडं निघाला होता. "दौलूला सांगा, उंबरा काडला. दिवाळीला ये, अक्का वाट बगतीय." त्या दिवशी हौसा गाणं म्हणत दळायला बसली, म्हणे.

संध्याकाळी डोंगरात हस्ताचा पाऊस असा कोसळला की हिरणा दुथडी भरली. निरोप वाटेनं चालला होता, मेंढरांच्या चालीनं. उंबरा पाण्यानं गेला. दुसऱ्या दिवशी घाटवडच्या धक्क्यावर माणसं पूर बघत उभी होती. लव्हाळी, ओंडके, कुणाच्या गोठ्याचं छप्पर वाहत येत होतं. त्यात दौलूला हळदीनं पिवळा झालेला उंबरा दिसला. मधोमध कमळ, पाकळीला तडा.

"माज्या अक्काचं घर ग्येलं!" एवढंच तो ओरडला आणि त्यानं उडी टाकली. अडवायलाही कुणाला सवड मिळाली नाही. उंबऱ्यामागून बहीण वाहत येत असेल, असंच त्याला वाटलं असणार. पाण्याची त्याला भीती नव्हती, जन्म पाण्यात गेलेला. उंबऱ्यापर्यंत तो पोहोचलाही. मग वरून वाहत आलेल्या एका झाडानं त्याला उंबऱ्यासकट खाली नेलं. पूर ओसरल्यावर तो वळणाच्या वाळूत सापडला. दोन्ही हातांची मिठी उंबऱ्याला होती आणि डोकं कमळावर टेकलेलं. चुलीत घालायचा नाही म्हणून पाण्यात सोडलेला उंबरा घाटवडकरांनी त्याच्याच चितेवर ठेवला. रायबा गावात पोहोचला तेव्हा चिता विझत आली होती.

जोशाचं भविष्य खरं झालं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. साळवण्यातले म्हातारे त्यावर वाद घालत नाहीत. ते एवढंच म्हणतात, की जोशी त्या दारावरून न बोलता पुढं गेला असता तर दौलू वीस वेळा बहिणीकडं जेवून आला असता.

बातमी साळवण्यात आली आणि हौसा बोलायचीच थांबली. काही दिवसांनी सुतार नवं लाकूड घेऊन आला. व्हायचं ते होऊन गेलं, आता घर उघडं कशाला ठेवायचं, असं शिरपतीचं म्हणणं. तेव्हा हौसा उठली आणि सुतारापुढं भुईवर बसली. "न्हाई बसवायचा," ती म्हणाली. "माजा भाऊ मी हितनं म्हागं लावला. आता ह्या दारातनं कुनी म्हागं जायचं न्हाई." सुतारानं लाकूड उचललं. म्हाळसाबाई आतून ऐकत होती. बाहेर येऊन तिनं सुनेला जवळ घेतलं आणि म्हणाली, "पोरी, आजपास्नं तुला मुराळी नगं. मनात यील तवा म्हायाराला जा." एकटीनं जायची मोकळीक मिळाली, तेव्हा हौसाला जायला माहेरच राहिलं नव्हतं.

हौसाचं बोलणं गावातल्या बायकांनी मनावर घेतलं आणि एकेक करत साऱ्या घरांचे उंबरे निघाले. आजही साळवण्याची सून माहेरी जायला कुणाच्या येण्याची वाट बघत नाही. वाटलं की पिशवी घेते आणि निघते. आजही भाऊबिजेला कुणी परका वाटसरू, फेरीवाला, चुकलेला पाहुणा या गावात दिसला तर बायका त्याला नाव-गाव न विचारता हाताला धरून आत नेतात, पाटावर बसवतात, ओवाळतात. त्याच्या हातात आधी पाण्याचा तांब्या देतात आणि तो सगळा पिऊन होईपर्यंत कुणीही काही बोलत नाही.