फणेरपेटीतला वास

एकदा एक व्यापारी आपल्या बायकोची फणेरपेटी छातीशी धरून नदीकाठच्या एका गावात आला. त्या गावात अत्तरं करणारे एक वृद्ध गुरुजी राहत. नदीच्या कडेनं केवड्याचं बन, घरामागे बकुळीची झाडं आणि अंगणात चुलीवर सदा चढलेली तांब्याची भांडी; त्यामुळे परक्या माणसाला गाव दिसायच्या आधी त्याचा सुगंध यायचा. व्यापाऱ्याचं मात्र कशाकडेच लक्ष नव्हतं. तो सरळ ओसरीवर येऊन बसला.

"गुरुजी, आमची ही गेल्या वर्षी गेली," तो म्हणाला. "तिचं चित्र नाही, काही नाही. ही पेटी तेवढी आहे. आरसा, फणी, कुंकवाचा करंडा. झाकण उघडलं की वाटतं, ती आत्ताच वेणी घालून उठून गेलीय. पण उघडलं की वास उडतो, आणि न उघडावं तर राहवत नाही. आता अगदी थोडा उरलाय. तो संपायच्या आत मला असंच अत्तर करून द्या. नाहीतर ती दुसऱ्यांदा जाईल हो."

गुरुजींनी त्याच्याकडे निरखून पाहिलं, पण पेटीला हात लावला नाही. ते काम त्यांनी आपल्या शिष्याकडे सोपवलं.

शिष्य म्हणजे कुणी पोरगेलासा नव्हता बरं का. घरदार असलेला, केस पिकू लागलेला, पंचक्रोशीत नावाजलेला माणूस. गुलाब कुठल्या मळ्यातला हे वासावरून सांगणारा, आणि म्हणूनच थोडा नाकानं कांदे सोलणारा. त्याला एकच व्यसन होतं. लांब नळीची, पाण्यातून धूर ओढायची गुडगुडी सकाळपासून निजेपर्यंत त्याच्या मांडीशी असायची. आता तंबाखू ओढणाऱ्यांशी माझं काही वैर नाही. माझे दोन-तीन चांगले मित्र मला नेहमी धुरातूनच दिसतात. पण ज्यानं नाकावर पोट भरायचं त्यानं दिवसभर धुरात बसावं, हे जरा अजबच. शिष्याला विचारलं तर तो म्हणे, "धुरानं माझं काही अडत नाही. मला तर त्याचा वाससुद्धा येत नाही!"

त्यानं पेटी किंचित उघडली, डोळे मिटले आणि क्षणात सांगून टाकलं: वाळा, बकुळ, गव्हलाकचोरा, तिळाचं तेल. तसं अत्तर केलं. व्यापाऱ्यानं मनगटावर लावून हुंगलं आणि मान हलवली. शिष्यानं बकुळ वाढवली. पुन्हा नकार. मग वाळा वाढवला, थोडी कस्तुरी घातली, आणि आता बोलूनच दाखव अशा थाटात कुपी पुढे केली.

व्यापारी कितीतरी वेळ हुंगत राहिला. मग म्हणाला, "सगळं आहे. ती नाही."

"याला अत्तर नकोय, बायको हवीय!" शिष्य आत येऊन चिडून म्हणाला.

"मग तीच शोध," गुरुजी म्हणाले.

त्यांनी पेटी मेणकापडात गुंडाळून फडताळात ठेवली. व्यापाऱ्याला सांगितलं, दसऱ्याला या, तोवर झाकण उगाच कुणी उघडणार नाही. मग शिष्याकडे वळून म्हणाले, "चातुर्मास लागतोय. तुझी गुडगुडी माझ्याकडे दे."

शिष्याचा चेहरा उतरला. "कायमची?"

"कायमचं बोलायला आपण कोण, बाबा? दसऱ्यापर्यंत दे."

गुरूची आज्ञा, नाही कशी म्हणणार? शिष्यानं गुडगुडी दिली. पण त्याच संध्याकाळी गुरुजींनी जे केलं, त्यानं सारा गाव चकित झाला. गुरुजींचीही एक जुनी गुडगुडी होती. वर्षातून एखादा महिना ते ती ओढत, आणि मग वर्षभर ती खुंटीला टांगलेली असे. ते तिच्याकडे वळूनही बघत नसत. ती त्यांनी खाली उतरवली, धुतली, पाणी भरलं, चिलमीत तंबाखू ठासली, निखारा ठेवला, आणि ओसरीवर बसून खुशाल गुडगुड सुरू केली. शिष्याला समोर बसवलं.

"गुरुजी, हा कुठला न्याय?" शिष्य म्हणाला. "मला उपास आणि तुम्ही माझ्यापुढे जेवता?"

"तू नुसता बस," गुरुजी म्हणाले, आणि त्यांना असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं.

गावाला तेवढंच हवं होतं. पाणवठ्यावर बायका म्हणू लागल्या, "शिष्याची सोडवली आणि म्हाताऱ्यानं स्वतः धरली! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय?" गुरुजींच्या कानावर ते गेलं. ते हसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओसरीवर येऊन बसले.

पहिले काही दिवस शिष्याचे फार वाईट गेले. हात मांडीशी जाई आणि रिकामा परत येई. घरी बायकोवर उगाच खेकसावं, मग ओशाळून पाणी भरायला जावं, असं चाललं. गुरुजींच्या चिलमीतला निखारा फुलला की त्याच्या तोंडाला पाणी सुटे. त्याला स्वप्नंही धुराचीच पडत: धुराची नदी, धुराचं बन, आणि बनात हरवलेली एक बाई, जिचे केस तेवढे दिसत, तोंड दिसत नसे.

मग तळमळ हळूहळू ओसरली आणि तिच्या जागी एक विचित्र शांतता आली. गुडगुडीबरोबर जाणारे सगळे तास त्याच्याजवळ रिकामे उरले होते. त्यांचं काय करावं हे न कळून तो नुसता बसे. दुपारी झाडांच्या सावल्या पाण्यावर पसरत, केवड्याचं पान पानाला घासे, आणि सगळं जग अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटे. त्या झोपेतच त्याचं नाक जागं होऊ लागलं. एकदा त्याला तांब्याच्या भांड्याचा वास आला. मग ओल्या दोरीचा. मग तुळशीतल्या मातीचा, उन्हात तापलेल्या घोंगडीचा, दूर कुठे कुणी भाकरी उलटली त्याचा. ज्या गावात तो जन्मला होता ते गाव अगदी नवंच आहे, असं त्याला वाटू लागलं. तो तासन् तास भटके आणि लहान मुलासारखा हरखून परत येई.

गुरुजींचा धूर मात्र आता त्याला सोसवेना. "कसला उग्र वास हा!" तो दूर सरकून म्हणाला.

"हो का?" गुरुजी म्हणाले. "मला तर काही येत नाही."

भाद्रपदात गौरी आल्या. शिष्याच्या बायकोनं ट्रंक उघडून वर्षभर घडी घालून ठेवलेला शालू बाहेर काढला आणि झटकला. शिष्य शेजारीच बसला होता. तो एकदम ताठ झाला. त्यानं शालूचा पदर हातात घेतला आणि नाकाशी धरला. वाळा होता, कापूर होता, आणि त्यांच्या तळाशी आणखी काहीतरी होतं: जुनं, फिकं, किंचित जळकं, तरी गोडसर.

"ह्याला हा वास कसला गं येतोय?" त्यानं विचारलं.

"तुमचा," बायको म्हणाली. "आणखी कुणाचा?"

"माझा?"

"तुमच्या गुडगुडीचा हो. माझ्या साऱ्या लुगड्यांना येतो, केसांना येतो, उशांना येतो. लग्न झाल्यापासून येतोय. आधी मला मळमळायचं. मग सवय झाली. तुम्ही पलीकडच्या गावी गेलात की मीच ट्रंक उघडून बसायची." एवढं बोलून ती लाजली आणि गौरींकडे वळली.

शिष्य तसाच उठला आणि गुरुजींच्या घरी धावला. त्यानं फडताळातली पेटी काढली, मेणकापड सोडलं आणि झाकण बोटभर वर उचललं. वाळा. बकुळ. गव्हलाकचोरा. तीळ. आणि या सगळ्यांच्या तळाशी, बाईच्या केसांत मुरलेला, पुरुषाचा धूर.

त्यानं झाकण लावलं आणि तो गुरुजींकडे वळला. "तुम्हाला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"नुसता अंदाज होता," गुरुजी म्हणाले. "त्या व्यापाऱ्याच्या पांढऱ्या मिशांना मधोमध पिवळेपणा होता. म्हटलं, हा माणूस जन्मभर ओढत आलाय. बायको गेल्यावर सुटली असणार, म्हणून आता त्याला वास येतो."

"मग मला सांगितलं का नाही? काखेत कळसा आणि मी गावाला वळसे घालत होतो!"

"सांगितलं असतं तर चिमूटभर तंबाखू तेलात टाकून तू मोकळा झाला असतास, आणि कुपीला तंबाखूच्या दुकानाचा वास आला असता. तिच्या केसांत तंबाखू नव्हती, बाबा. धूर होता, आणि तोही न्हाऊन-न्हाऊन फिका झालेला. किती फिका, ते नाकालाच कळतं. तुझं नाक त्या धुरात घर करून राहिलं होतं. घरात बसलेल्याला आपल्या घराचं छप्पर दिसत नाही. त्यासाठी अंगणात यावं लागतं. आणि एक-दोन दिवस बाहेर येऊन भागत नाही. तेवढ्यात माणूस नुसता तळमळतो. तळमळ संपल्यावर जे दिसू लागतं, त्याच्यासाठी मोठी सुट्टी घ्यावी लागते. मी दरवर्षी घेतो ती काही पुण्यासाठी नव्हे. आपण कशात बसलोय ते एकदा बाहेरून बघावं म्हणून."

"आणि यंदा अवेळी गुडगुडी काढलीत ती?"

"आता तेलाला धूर कोण देणार? तू?" गुरुजी खोकत हसले. "आण तुझी परात."

लोणी कांद्याशेजारी ठेवलं की कांद्याचा वास घेतं, हे घरोघरी ठाऊक आहे. तेलाचं तसंच. शिष्यानं बकुळ-वाळ्याचं तेल पसरट परातीत ओतून ओसरीवर ठेवलं. गुरुजी शेजारी बसून गुडगुडी ओढत, आणि शिष्य वाऱ्याच्या बाजूला बसून नाकानं पहारा करी. जास्त झालं की तेल बदले, पुन्हा पहिल्यापासून. आणि मग एका संध्याकाळी तो म्हणाला, "बस." गुरुजींनी त्याच क्षणी नळी तोंडातून काढली, गुडगुडी विसळली आणि खुंटीला अडकवली.

दसऱ्याला व्यापारी आला. शिष्यानं कुपी पुढे केली. व्यापाऱ्यानं बूच काढलं आणि कुपी नाकाशी धरली. त्यानं डोळे मिटले.

"आली," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "पण ह्यात हे जळल्यासारखं काय आहे? तेच नव्हतं आधी."

"तुमची तंबाखू," शिष्य हळूच म्हणाला.

व्यापाऱ्यानं कुपी पुन्हा एकदा हुंगली. "ती रोज कुरकुरायची," तो म्हणाला. "म्हणायची, तुमच्या धुरानं माझ्या केसांचा पार उकिरडा झालाय, कितीही न्हायले तरी जात नाही. मी हसायचो. म्हणायचो, कसला वास? मला तर काही येत नाही! आणि ही पेटी उघडून वर्षभर रडतोय तो..." त्यानं उपरणं तोंडाला लावलं. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, मी तिला शोधतोय. ती तर मलाच अंगावर घेऊन बसली होती, आणि मला पत्ताच नाही."

डोळे पुसून त्यानं शिष्याला विचारलं, "तुमच्या घरी मंडळी आहेत?"

"आहेत."

"मग इथं काय बसलाय? जा."

मुदत संपली म्हणून गुरुजींनी शिष्याची गुडगुडी पुढे केली. "राहू द्या अजून काही दिवस," शिष्य म्हणाला, आणि भर दुपारी, चुलीवरची भांडी तशीच सोडून, घराकडे चालू लागला.

आपणही कधीतरी असं अवेळी घरी जावं.