ज्याची त्याची वाटी

एका शहरातल्या इस्पितळात दोन डॉक्टर होते, आणि दोघांचाही हात मोजमापात पक्का होता. घोटाळा तिथूनच सुरू झाला.

थोरले डॉ. नाडगौडा, धाकट्या डॉ. चौबळ. मेंदूचा जो भाग आठवणी सांभाळतो, त्याच्याभोवती एमआरआयच्या चित्रावर रेघ ओढायची आणि तो केवढा आहे ते मोजायचं, हे दोघांचं काम. माणूस विसरायला लागला की तो भाग आकसतोय का, ते त्यावरून पाहत. पण मेंदूत काही शेतासारखे बांध घातलेले नसतात. तो भाग शेवटाला शेपटीसारखा निमुळता होत जातो. नाडगौडा शेपटी सुरू झाली की थांबत. चौबळ टोकापर्यंत जात. ज्याचा पेशंट दरवर्षी त्याच्याकडेच येई, म्हणून हे कधी कोणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या शहरात इंदुताई बेडेकर पौरोहित्य करत. एका लग्नात मंगलाष्टकांतलं एक कडवं त्यांच्याकडून गळलं, तेव्हा मुलगा हर्षद आणि सून मृदुला त्यांना तपासायला घेऊन आले. त्या वर्षी चौबळांनी मोजलं. यंदा चौबळांकडे गर्दी होती, म्हणून काम नाडगौडांकडे आलं. आकडा बराच खाली उतरला होता.

“भाग आकसलाय,” नाडगौडा म्हणाले.

“आई, आता लग्नं लावणं बंद,” हर्षद म्हणाला.

“अरे, एक कडवं गळलं. वऱ्हाड उपाशी होतं, कोणी तक्रार केली का?”

हर्षदने ऐकलं नाही. तिथूनच फोन करून त्याने रविवारचं लग्न दुसऱ्या गुरुजींना देऊन टाकलं. इंदुताई उठल्या आणि तिघं बाहेर पडली.

थोड्या वेळाने त्या एकट्याच परत आल्या. टेबलावरची गाडीची किल्ली उचलून म्हणाल्या, “हर्षद विसरला. त्याचंही एकदा मोजून ठेवा.”

नाडगौडा हसले नाहीत. त्यांनी इंदुताईंना थांबायला सांगितलं, गेल्या वर्षीचं चित्र काढलं आणि त्यावर स्वतःच्या हाताने रेघ ओढली. आकडा यंदाइतकाच आला. काही आकसलंच नव्हतं.

त्यांनी चौबळांना बोलावून रेघ दाखवली.

“सर, तुम्ही शेपटी सोडता,” चौबळ म्हणाल्या.

“तुम्ही उगाच घेता. उद्यापासून सगळ्यांनी माझ्या रेघेने मोजायचं.”

मग त्यांनी तिघा बेडेकरांना आत घेतलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की बाईंचं काही घटलेलं नाही, मोजणारे हात दोन होते. इंदुताई पदर सावरून बसल्या.

“असं होय! आमची मृदुला नवी आली तेव्हा रोज भात उरायचा. मी सांगायचे चार वाट्या, ही लावायची चार वाट्या. हिला अंदाजच नाही असं मी चार घरी सांगितलं. मग कळलं, हिच्या माहेरची वाटी मोठी.”

“मग ठेवलीत कोणाची?” चौबळांनी विचारलं.

“माझीच! स्वयंपाकघर माझं ना.”

मागे उभ्या असलेल्या मृदुलाने फरशीकडे पाहिलं. चौबळांनीही पाहिलं. नाडगौडांना ते दोन्ही चेहरे अगदी एकसारखे दिसले.

हर्षदने रविवारचं लग्न परत मागून घेतलं. नाडगौडांनी चौबळांना आणि इतर इस्पितळांत हेच काम करणाऱ्यांना एका टेबलाशी बसवलं. रेघ कुठून सुरू करायची आणि कुठे थांबायचं, हे सर्वांनी मिळून ठरवलं. ठरलेली रेघ नाडगौडांची नव्हती, चौबळांचीही नव्हती. नाडगौडांना ती कितीतरी दिवस वाकडीच वाटे. तरी त्यांनी जुनी चित्रं काढून तिनेच पुन्हा मोजली.

इंदुताईंनी बाजारातून नवी वाटी आणली म्हणतात. मृदुलाने ती तांदळाच्या डब्यात ठेवली, आणि त्या दिवशी भात सगळ्यांना पुरला, उरला मात्र नाही.

तात्पर्य: दोन मापांनी मोजलं की न घटलेलंही घटलेलं दिसतं, आणि माप एक करायचं असेल, तर थोरल्याने आपली वाटी आधी खाली ठेवावी.