सोवळ्यातला जांभळाचा डबा

ही गोष्ट ऐकून आजवर एकही माणूस शहाणा झाल्यावाचून उठलेला नाही. ऐकणारे एकूण तिघे होते. एकाला डुलकी लागली, दुसऱ्याला बायकोने हाक मारली आणि तिसरा अजून उठायचाच आहे, एवढा बारीक तपशील सोडून द्या.

तर देवळाच्या एका गावी एक वृद्ध कीर्तनकार राहत. सगळे त्यांना बुवा म्हणत. त्यांचा एक शिष्य होता, धुंडिराज. वय चौतीस, पैकी नऊ वर्षे बुवांच्या पाठीमागे उभे राहून झांजा वाजवण्यात गेलेली. तुम्ही-आम्ही जिला बिनपगारी नोकरी म्हणतो, तिला ते लोक सेवा म्हणतात.

त्या ज्येष्ठात नदीपलीकडच्या गावाने धुंडिराजाला स्वतंत्र कीर्तनाचे निमंत्रण धाडले. नऊ वर्षांतले पहिलेच. रविवारपर्यंत होकार कळवला नाही, तर ते दुसऱ्याला बोलावणार होते. पण रीत अशी, की गुरूने स्वहस्ते गळ्यात हार घातल्याखेरीज शिष्याने पुढे उभे राहायचे नाही. धुंडिराज बुवांपुढे हात जोडून बसला.

बुवा म्हणाले, "जांभळाचा बर्फ कर. घरच्या घरी, यंत्राशिवाय. चमच्याने अलगद उचलला गेला पाहिजे, जिभेवर ठेवला की विरला पाहिजे. तो झाला की हार घालतो."

धुंडिराजाला वाटले, आपण चुकीचे ऐकले. बुवा गळ्याला इतके जपत, की भर उन्हाळ्यात पाणीसुद्धा कोमट पीत.

"बुवा, पण खायचा कोणी?"

"माई खाईल. मी बघेन."

माई म्हणजे बुवांची पत्नी. जावयाने दिलेला फ्रिज त्यांच्या स्वयंपाकघरात नवा कोरा उभा होता.

शुक्रवारी धुंडिराज कामाला लागला. गुरूचे काम म्हणून पहाटे आंघोळ करून सोवळे नेसला. जांभळे मिठाच्या पाण्यात धुतली, हाताने कुस्करून बिया वेगळ्या केल्या, गर चाळणीतून गाळला. साखरेचा पाक करून गार केला, त्यात मिसळला, वर लिंबू पिळले. पसरट डब्यात ओतून डबा बर्फाच्या कप्प्यात सरकवला आणि माईंना बजावले, "संध्याकाळपर्यंत फ्रिजला कोणी शिवायचं नाही. सोवळ्यातलं आहे."

माईंचे दूध बाहेर राहिले आणि नासले. संध्याकाळी डबा काढला. माईंनी चमचा रोवला, चमचा वाकला. बत्ता घातला, तेव्हा एक कपचा उडून देवघरात गेला.

माई म्हणाल्या, "धुंडिराज, हा बर्फ आहे की देवळाची पायरी?"

शनिवारी त्याने पुन्हा सगळे तसेच केले. सोवळे तर आदल्या दिवसापेक्षा कडक. सकाळी सात वाजता डबा आत ठेवला आणि ओसरीवर भिंतीकडे तोंड करून कीर्तनाचा पहिला भाग, पूर्वरंग, म्हणत बसला. इथे एक सांगायला हवे. गेली नऊ वर्षे त्याचा पूर्वरंग जरा रंगात आला, की आतून बुवांची हाक येई. "धुंडिराज, गवळी आला का बघ." "धुंडिराज, माझा चष्मा कुठाय?" चष्मा बुवांच्या नाकावर असे. त्या शनिवारी मात्र सकाळ सरत आली तरी हाक नाही. असा अखंड पूर्वरंग त्याने आयुष्यात म्हटला नव्हता. म्हणता म्हणता त्याला शंका आली. बुवा गप्प आहेत म्हणजे काहीतरी बिघडवत आहेत.

तो आत धावला. फ्रिजचे दार सताड उघडे. बुवा डबा कडेवर घेऊन जावयानेच दिलेल्या जेवणाच्या काट्याने गोठत आलेला गर खरवडत होते. कडेचा बर्फ मोडून मधे, मधला कडेला. धोतर पार जांभळे.

"बुवा, डबा सोवळ्यातला आहे."

"माहीत आहे."

"तुम्ही चहा पिऊन आलात."

"दोनदा. आणि खरवडायची ही तिसरी वेळ. तासाभराने चौथी."

गुरू म्हणून धुंडिराजाने डबा हिसकावला नाही, इतकेच. साडेबाराला बुवांनी चौथ्यांदा काटा चालवला, मग दार लावून स्टूल ओढून समोर बसले. माई ताक घ्यायला आल्या, त्यांनाही परतवले. "आता कोणी हात लावायचा नाही."

साडेचारला डबा निघाला. माईंचा चमचा लोण्यात जावा तसा आत गेला. त्यांनी एक वाटी खाल्ली, लगेच दुसरी घेतली. धुंडिराज मान पुढे करून उभा राहिला.

"मान कशाला वाकवलीस?" बुवा म्हणाले. "बर्फ झाला खरा, पण केला मी. तू नुसता सोवळ्यात होतास. पुढच्या वर्षी जांभळं आली की बघू."

धुंडिराजाचे नऊ वर्षांचे साचलेले सगळे तेव्हा बाहेर पडले. "हा काय न्याय झाला, बुवा? उद्या रविवार. त्या लोकांना मी काय सांगू, गुरूंनी बर्फात नापास केलं? एकदा म्हणून मला धड उत्तररंगापर्यंत जाऊ दिलं नाहीत. रंगात आलो की गवळी, रंगात आलो की चष्मा. लोक मला हसतात. माझी बायको मला हसते. शिष्य हवा होता की घरगडी, ते तरी पहिल्या वर्षी सांगायचं होतं."

बुवांनी त्याला पुरते बोलू दिले. मग म्हणाले, "काल तू डब्याला कोणाला शिवू दिलं नाहीस. पाणी मुकाट गोठू दिलं, की त्याचे कण एकमेकांना घट्ट धरतात आणि दगड होतो. गोठता गोठता कोणी मोडत राहिलं, की कण बारीक राहतात, सुटे राहतात. गोठतं तेही, पण जिभेला सोसतं. पाठांतराचं असंच आहे. कोणी न अडवता घट्ट बसलं, की पुढे पोर रडो, दिवा जावो, बोलणाऱ्याला थांबता येत नाही; तो आपला दगड सभेवर टाकून मोकळा होतो. मी तुला गवळ्याकडे धाडलं, आणि परत येऊन तू प्रत्येक वेळी नवीन वाक्याने सुरुवात केलीस. ते तुझ्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं."

म्हाताऱ्याचे म्हणणे खरे होते, आणि खरे होते म्हणून धुंडिराजाला राग जास्तच आला. पण आवाज चढला नाही.

"बुवा," तो म्हणाला, "चार वेळा खरवडलंत म्हणून बर्फ नरम झाला, हे कबूल. पण साडेबाराला तुम्ही दार लावलंत आणि माईंनासुद्धा हात लावू दिला नाहीत, म्हणून तो झाला. नाहीतर अजून नुसतं सरबत असतं. माझं हे नववं वर्ष. माझ्या डब्याचं दार कधी लावणार?"