सबनीसबाई कुठं हसल्या

"पण त्या हसल्याच का, आबा? मला एवढंच सांगा."

हृषी उभा होता. बस म्हटलं तरी बसत नव्हता.

रविवारची सकाळ. आबा कुलथ्यांच्या दुकानापुढचा कट्टा. सोनारकी आबांनी केव्हाच मुलाकडं दिली. आता ते कट्ट्यावर बसतात आणि आम्ही त्यांच्याभोवती. बार्शीत दर शनिवारी संध्याकाळी मंगल कार्यालयाच्या माडीवर जगभरातले सिनेमे दाखवतात, आणि तेही फुकट, हे पुण्याच्या माणसाला सांगितलं की तो आधी हसतो. हसू दे. आम्ही आबांच्या हाताखाली सिनेमा बघायला शिकलो, आणि त्याचा आम्हाला माज आहे. असायलाच पाहिजे.

आता आबांचे गुडघे माडी चढू देत नव्हते. शनिवार कुणाकडं सोपवायचा, एवढाच प्रश्न होता. हृषीकेश बारबोले पुण्याहून सिनेमाचा कोर्स करून आलेला. शनिवार त्याचाच, असं सगळे धरून चालले होते. सगळ्यांत जास्त तो स्वतः. कालचा कार्यक्रम त्यानं एकट्यानं केला. परीक्षाच होती म्हणा ना.

आणि काल त्यानं सबनीसबाईंना हॉलबाहेर काढलं.

सबनीसबाई म्हणजे आमच्या शाळेच्या जुन्या हेडबाई. अर्ध्या बार्शीनं त्यांच्या छड्या खाल्ल्यात, हृषीनंही. बाईंना हसताना गावात कुणी पाहिलं नव्हतं. काल पाहिलं.

सिनेमा काउबॉयचा, पण नेहमीचा ढिशांव ढिशांव नव्हे. दोन भुरटे दरोडेखोर आपल्या मेलेल्या म्होरक्याला त्याच्या गावी पोचवायला निघतात. शब्द दिलेला असतो. म्होरक्या लांबलचक आणि मढ्याची पेटी आखूड. पाय बाहेर. माळरानातनं गाडी चाललीय आणि ते बूट आपले डुलतायत... मला कळलं किती ते विचारू नका. मी मान डोलावत होतो.

"शेटे वकील फाशीचा सीन आला तसे उठून गेले," हृषी म्हणाला. "कॉलेजची पोरं घोड्याला शिट्ट्या मारत होती. मागनं एकजण विचारतोय, फायटिंग कधी सुरू होणार? हे सगळं मी सोसलं, आबा. पण बाईंनी..."

"काय केलं बाईंनी?"

आबांना सगळं ठाऊक होतं. ते कसेबसे माडी चढून आले होते आणि पुढच्याच रांगेत होते.

"पेटीला खिळे मारायचे असतात आणि पाय आत मावत नाहीत, तो प्रसंग. अख्खा सिनेमा त्यावर उभा आहे! मरणाची विटंबना, माणसाचं एकटेपण... आणि बाई खो खो हसतायत. चष्मा काढून! थांबायलाच तयार नाहीत."

"मग?"

"मग मी सिनेमा थांबवला. दिवे लावले. म्हटलं, हा विनोद नाही. ज्यांना कळत नसेल त्यांनी बाहेर जावं."

"गेल्या?"

"गेल्या." त्यानं कॉलर सारखी केली. "माझं चुकलं असेल तर सांगा. पण मला तसं वाटत नाही. वचक नको का कुणाचा तरी? बाई असोत नाहीतर बाईंच्या बाई."

खरं सांगतो, माझा हात शिवशिवत होता. कानाखाली एक वाजवावी असं वाटत होतं. पण आबा ऐकून घेत होते, म्हणून आम्हीही.

"सुरुवातीला तू अर्थ सांगितलास सिनेमाचा," आबा म्हणाले.

"हो. सविस्तर."

"चांगला बोललास."

हृषीची मान ताठ झाली. वेडा कुठला!

"आता आडवा हो."

"काय?"

"त्या बाकड्यावर. आडवा हो."

गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं लाकडी बाकडं होतं. हृषीनं आमच्याकडं पाहिलं. आम्ही रस्त्याकडं पाहिलं. गुरूनं सांगितलंय म्हटल्यावर झाला बिचारा आडवा. बारबोल्यांच्या घरात सगळेच ताडमाड. डोकं एका टोकाला टेकलं आणि पोटऱ्यांपासून पुढं सगळं बाहेर लोंबायला लागलं.

"तू मेलास आता," आबा म्हणाले. "डोळे मीट."

त्यानं मिटले.

"पाय आत घे रे याचे." हे मला.

मी पाय आत ढकलले. गुडघे वर आले. गुडघे दाबले तर डोकं दुसऱ्या टोकानं खाली गेलं. डोकं वर ओढलं तर पाय पुन्हा रस्त्यावर. समोरच्या दुकानात मुनोतशेठ साखर जोखता जोखता थांबले. माझ्या पोटातनं उकळी आली ती काही केल्या आवरेना. मी फिस्सकन हसलो.

"हसतोस काय रे?" हृषी ओरडला.

"मेलेला बोलत नाही," आबा म्हणाले.

हृषीनं पुन्हा डोळे मिटले. नाकपुड्या तेवढ्या फुरफुरत होत्या.

आबा सावकाश बोलू लागले.

"बाईंचे यजमान, सबनीससर, तुझ्याच उंचीचे. दारातनं वाकून आत यायचे. गेले तेव्हा बांबू आणणाऱ्याच्या हे ध्यानात कोण आणून देणार? तिरडी आखूड झाली. पाय बाहेर. दुसरे बांबू आणायचे तर ऊन चढलं असतं. म्हटलं, चालतंय. पुढं डाव्या अंगाला मी होतो."

हृषीनं हात छातीवर घेतले.

"वरच्या मजल्यावर घर. जिना अरुंद. वळणावर तिरडी तिरकी केली... आणि सरांचा पाय खालच्या सुराणाकाकूंच्या बेलवर."

मुनोतशेठनी तागडी खाली ठेवली.

"बेल वाजायला लागली. ती चिमणीसारखी चिवचिवणारी. तिरडी पुढंही जाईना, मागंही येईना. बेल आपली चिवचिव, चिवचिव. काकू त्याच सकाळी गावाहून आलेल्या, त्यांना काही पत्ता नाही. आतनं हाक आली, कोण आहे?"

आबांनी गुडघा चोळला.

"उत्तर कोण देणार?... मी ओठ चावून धरला. वर बघितलं तर कठड्याशी बाई. तोंडात पदराचा बोळा."

"रडत होत्या," हृषी डोळे न उघडता म्हणाला.

आबांनी त्याच्या लोंबत्या पायावर टिचकी मारली.



"बाई पुढं एकदा मला म्हणाल्या, कुलथे, मला जगात हसवणारा एकच माणूस. ते बेलचं घरी जाऊन त्यांनाच सांगावंसं वाटत होतं. आता कुणाला सांगू?... त्या दिवसापासून बाई रडल्याही नाहीत."

बाकडं कुरकुरलं. हृषीचे खांदे हलत होते. आम्हाला वाटलं, रडतोय. पण तो हसत होता. हसू दाबता दाबता त्याचा चेहरा लालबुंद झाला, आणि मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं ते काही लवकर काढलं नाही. मघाशी ज्याच्या कानाखाली वाजवायची होती त्याच्याच पाठीवर मी हात ठेवला.

तो उठून बसला.

"आबा, काय करून बसलो मी... शनिवार मला नको. दुसऱ्या कुणाला द्या."

"बाई सकाळीच येऊन गेल्या."

हृषीचा चेहरा पांढराफटक पडला. "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, शनिवार त्यालाच द्या. माझ्या वर्गात धडा वाचायला उभा केला की रडायचा. काल त्याच पोरानं भर हॉलात मला बाहेर काढलं. सिनेमासाठी! कुलथे, माझी छाती फुगली अभिमानानं."

हृषी खाली मान घालून बसला. बाईंच्या छड्या त्यानं हसत हसत खाल्ल्या होत्या, मला माहीत आहे, मी शेजारीच उभा असायचो. ही छडी मात्र त्याला लागली.

"मी जातो. माफी मागतो त्यांची."

"माफी मागितलीस तर का हसल्या ते त्यांना सांगावं लागेल. सबनीसबाई आहेत त्या. मोडतील, पण सांगणार नाहीत."

"मग मी करू तरी काय?"

आबांनी कट्ट्यावरची पेपराची घडी उचलली, पुन्हा ठेवली.

"सिनेमाचा शेवट काय रे? मी बाईंना घरी सोडायला गेलो. आम्ही दोघांनीही पाहिला नाही."

हृषी सावरून बसला. कोर्स जागा झाला.

"शेवट म्हणजे आबा, मानवी अस्तित्वाच्या निरर्थकतेचं एक..."

आबांनी हात वर केला.

"माणसं काय करतात ते सांग."

मग तो हळूहळू सांगू लागला.

"गावात पोचतात... गाव वेशीवर जमलेलं. बँड वाजतोय. दोघं आपली छाती काढून उभे, दिलेला शब्द पाळला म्हणून. म्होरक्याची बायको पुढं येते. पेटी उघडायला लावते. बघते. पुन्हा बघते. आणि म्हणते, हा मेला कोण?"

"म्हणजे?"

"मढं दुसऱ्याचंच. वाटेत दारूच्या गुत्त्यावर पेट्या बदलल्या."

"अरे, पण पाय?" मी मधेच विचारलं. "पाय तर बाहेर होते ना?"

"त्याचेही बाहेरच होते!"

झालं! मी गुडघ्यावर थाप मारली. पलीकडं मुनोतशेठ गल्ल्यावर डोकं टेकून हसत होते. आबांचं बोळकं उघडलं. आणि हृषी आमच्याकडं असा बघत होता, जणू लोक हसतात म्हणजे काय होतं ते त्यानं आजच पाहिलं.

"हे बाईंना सांगून ये," आबा म्हणाले.

"आत्ता?"

"आत्ता. असंच सांग. अर्थ सांगू नकोस."

हृषी चपला घालून निघाला. ताठ निघाला, तेवढं मात्र सुटलं नव्हतं. सुटूही नये. कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत आला.

"आबा..."

"हं."

"हसल्या तर मीही हसेन. पण हसता हसता रडायला लागल्या तर?"

आबांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं काचा पुसल्या. पुन्हा पुसल्या...

"तर उठू नकोस."